तिघांनी उचललेला भंडारा

निपाणी,
२८ जुलै १९४७

प्रिय मष्णू,

तुझा निरोप पोचला. गेल्या गुरुवारी नागोजीमामा बाजाराला आला तो थेट माझ्या दारात. घोंगडीचं पाणी ओसरीवर झटकत, पाय धुवायलाही न थांबता त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं. पंधरा ऑगस्टला पुण्याच्या तुमच्या तळावर आपला झेंडा चढणार, त्याला बंदुकीची सलामी द्यायला विमानदलातली निवडक माणसं उभी राहणार, आणि त्यांत काकतीच्या मष्णूचं नाव लागलं आहे. सांगता सांगता मामाला हुंदका आला. "पाच वर्सं बंदुकीला शिवला न्हाय गं पोरगा! गोऱ्या सायबानं उन्हात उभा केला, तरी शिवला न्हाय. आता आपल्याच झेंड्याला धरायची, तर म्हणतोय बंदूक अजून गोऱ्यांचीच, आधी आक्काला इचार. तिनं शपथेचा भंडारा खाली ठेवला तरच हात लावतो. असला भाऊ कुणाला मिळतोय?" तंबाखूच्या वखारीतल्या दोघी बायका माझ्याकडे अक्षरं गिरवायला आल्या होत्या. त्याही पाटी मांडीवर ठेवून, डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. निपाणीच्या चौकात भर सभेत फौजदाराच्या तोंडावर बोलणारी तुझी बहीण, ती त्या घटकेला उठून चुलीकडे गेली. मी मामाला चहा करून दिला आणि म्हटलं, लिहिते त्याला.

म्हणून लिहिते आहे. तुला होय किंवा नाही एवढंच हवं आहे, हे मला कळतं. शिवाय दिवस थोडे उरलेत. पण मष्णू, आपल्या दोघांत जे झालं आहे त्यावर नुसतं होय किंवा नुसतं नाही ठेवून कागद बंद करणं मला जमणार नाही. सभेत माझं भाषण लांबलं की तू मागच्या खांबाला टेकून जांभई देत असायचास. आज तेवढी सवड दे. आज मागं खांब नाही आणि टाळ्या वाजवायलाही कुणी नाही.

आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. त्याच साली मी कपाळ पुसून निपाणीहून माहेरी परत आले. सासरच्यांनी माझ्याबरोबर एक पत्र्याची पेटी दिली, तीत लुगडी कमी आणि पुस्तकं जास्त. आप्पांनी पेटी उघडून बघितली नि कपाळाला हात लावला. पण तू त्या पेटीवर बसून राहिलास. फायनलचा अभ्यास मी तुला मांडीवर घेऊन केला. इटलीचा इतिहास, आयर्लंडचा इतिहास, फ्रान्समधल्या क्रांतीची हकिगत, जे वाचीन ते तुला सांगत होते. तुला त्यातली माणसं आवडायची नाहीत. तू विचारायचास, त्या गावाची बातमी ह्या गावाला कशी कळली? घोड्यावरून की पायी? मला तेव्हा हसू यायचं. शाळेत मास्तरीण झाले तेव्हा बेळगावच्या तारमास्तरांच्या बायकोला वाचायला शिकवलं, आणि त्या ओळखीवर तुला तार-ऑफिसात उमेदवार म्हणून बसवलं. त्या दिवसापासून घरात शांतता म्हणून राहिली नाही. ताटाच्या काठावर, पाण्याच्या घागरीवर, आप्पांच्या पाठीवर तेल चोळतानासुद्धा तुझी बोटं तारेची कडकट्ट वाजवत असायची. आप्पा ओरडायचे, "जेवतोस का तार करतोस रं?" आणि तू हसत म्हणायचास, "दोन्ही, आप्पा." तारेच्या खांबाला कान लावून तू उभा राहायचास ते मी बघितलं आहे. देवळाच्या खांबाला सुद्धा तू कधी तसा टेकला नाहीस.

हे सगळं सांगते आहे ते माया आठवून रडायला नव्हे. तुला काय प्रिय होतं हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी तुझ्यावर विश्वास टाकला, एवढं तुला कळावं म्हणून.

बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये पुढारी एका रात्रीत उचलले गेले आणि गावोगावची कामं आमच्यासारख्यांच्या अंगावर पडली. शाळेनं मला काढून टाकलं होतंच. लोंढ्याच्या रुळावरून दिवसाला गाड्यांवर गाड्या लष्कर घेऊन जात होत्या, आणि त्या गाड्यांचा हुकूम रुळालगतच्या तारेवरून येत होता. ती तार तोडायची ठरली. तारेतलं कळणारा आपल्यात एकच होता. मी तुला विचारलं तेव्हा तू घागर भरत होतास. तू मान हलवलीस. मान हलवलीस, मष्णू. मी ती होकाराची मानली. आजही मला ती मान तशीच दिसते, आणि अजून मला तिच्यात नकार सापडत नाही.

मग काकतीच्या माळावरचं यल्लम्माचं ठाणं. तू, मी आणि तुझा सवंगडी, मनुबाईचा भावकू. देवधर्माचं माझं मत तुला माहीत आहे, नवस मी आयुष्यात केला नाही. पण भंडारा मी मानत होते. देवीची हळद मुठीत धरून आपल्या भागातला माणूस खोटं बोलत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. शेताचा बांध असो की भावांचं भांडण, कोर्टात दहा साक्षी फिरतील, पण भंडारा उचललेला माणूस फिरत नाही. म्हणून मी वकिलाकडे न जाता, कागद न करता, तुम्हा दोघांना तिथं नेलं. शब्द मी घातले. इंग्रजांची बंदूक हातात धरणार नाही, आणि जीव गेला तरी एकमेकांचं नाव तिसऱ्याला सांगणार नाही. भावकूनं मूठ पुढं केली नि म्हणाला, "आक्का, तेवढं जेवणार न्हाय असं काय घालू नगंस बग. ते माझ्यानं पाळवणार न्हाय." आपण हसलो. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "आक्का, परत एकदा म्हण. नीट ध्यानात धरतो." मला वाटलं, किती मनापासून करतो आहे माझा भाऊ! आता मला कळतं. कापड घेताना गिऱ्हाईक दोन्ही टोकं ओढून बघतं, तसा तू माझा शब्द ओढून बघत होतास. त्यात काय काय बसतं आणि काय बाहेर राहतं, ते तू मोजून घेतलंस. सांगितल्या ठिकाणी येईन, हे त्यात नव्हतं. ते घालायला हवं असं मला सुचलं नाही, कारण सख्ख्या भावाला कुणी असं वदवून घेत नाही.

खानापूरच्या अलीकडे, रुळाच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं आहेत, तिथं काम ठरलं होतं. भर दिवसा, कारण अंधारात गस्त असायची आणि दिवसा खांबावर चढलेल्या माणसाला कुणी विचारत नसे. तू आणि भावकू तारखात्याच्या मजुरांसारखे खाकी चड्डीत, आणि मी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन बांधावर. चढायचं तू. आदल्या दिवशी आपल्या सोप्यात तू कोळशानं जमिनीवर खांब काढून भावकूला दाखवलं होतंस. तार ताणलेली असते, आधी दोर बांधून तिचा ताण धरायचा, मगच कापायची, नाहीतर ती उलटून अंगावर येते. भावकू आळस देत म्हणाला, "वर तू चढणार न्हवं? मग मला कशाला शिकवतोस? मी खाली हुबारून बिडी वडतो." तुझ्या हातातला कोळसा क्षणभर थांबला होता. ते मी बघितलं, आणि तुझा हात दुखत असेल म्हणून सोडून दिलं.

तू आला नाहीस. सकाळची गाडी गेली, दुपारची गाडी गेली. शेतातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कुणाची म्हणून ही बाई एवढा वेळ भाकरी घेऊन उभी? भावकू म्हणाला, "येतोय त्यो. तारमास्तर सोडत नसंल." थोड्या वेळानं तेच परत म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र म्हणाला, "आक्का, लई येळ झाला. पुलावरचा पहारा आता ह्या अंगाला येतोय. मीच चढतो. जांभळीवर चढतो तसं चढायचं, ह्याच्यात काय हाय?" दोर तुझ्याजवळ होता. तुझ्याशिवाय दोर नाही, दोराशिवाय ताण धरायचा कसा हे त्याला माहीत नाही, मलाही नाही. पहिली तार कापली तशी ती चाबकासारखी उलटली. तिचा आवाज मी अजून ऐकते. त्यानं हात तोंडावर घेतले आणि तो खडीवर पाठीवर पडला. मी पाटी टाकून धावले. त्याचे पाय हलत नव्हते. तो मला काय म्हणाला, सांगू? "मष्ण्याला बोलू नगंस, आक्का. सुट्टी मिळाली नसंल त्याला." रुळावरची माणसं धावत आली, मग पोलीस आले. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, म्हणून मी कुठं पळाले नाही.

त्याच दुपारी तू बेळगावच्या कॅम्पात भरतीच्या साहेबापुढे उभा होतास. हे मला पुष्कळ नंतर कळलं, हिंडलग्याच्या तुरुंगात, आप्पा भेटायला आले तेव्हा. आप्पा जाळीला नाक लावून सांगत होते, आणि बिचाऱ्यांना वाटत होतं की त्यांनी माझ्यासाठी पेढे आणले आहेत. "राजे, मष्णू इमानदलात गेला. सायबानं इचारलं, काय काम घेणार? तोफा हैत, बाँबगोळ्याचं काम हाय, इंजिनाचं हाय, मोटारीचं हाय. पोरगा म्हणाला, ज्यात बंदूक न्हाय ते द्या. बिनतारीचं घेतलं बग. तुझा भंडारा राखला त्यानं!" भंडारा राखला! मी जाळी धरून उभी होते. भावकू तोवर मेला होता. सरकारी दवाखान्यात, पाठीचा कणा मोडलेला, खाटेशी दोन शिपाई, आणि फौजदार रोज येऊन एकच प्रश्न विचारायचा, तिसरा कोण? मलाही तोच प्रश्न. माझे केस धरून विचारलं, भावकूचं पाणी तोडून विचारलं. तो बोलला नाही, मी बोलले नाही. त्याच दिवसांत तुझ्या वर्तनाची चौकशी गावच्या पाटलाकडे आली, आणि पाटलानं कळवलं, मुलगा सरळ आहे, कशात नाही. माझं आडनाव सासरचं, म्हणून बहिणीचा डागही लागला नाही. तुला सरळ ठेवलं कुणी? एका मोडलेल्या माणसानं आणि एका बाईनं, तोंड मिटून. त्या मिटलेल्या तोंडावर पाय ठेवून तू सरकारच्या दारातून आत गेलास.

मी विश्वासघात हा शब्द फार वेळा वापरला आहे. संस्थानिकांना म्हणाले, सावकारांना म्हणाले, सरकारच्या खुशमस्कऱ्यांना म्हणाले. टाळ्याही मिळाल्या. पण त्या शब्दाचा अर्थ मला तुझ्यामुळे कळला. परक्यानं केला तर तो अन्याय असतो, त्याच्याशी लढता येतं. तुझ्याशी मी कशी लढू? तू तर सगळं पाळलंस. बंदूक धरली नाहीस, नाव सांगितलं नाहीस. माझ्या शब्दातलं अक्षर न् अक्षर तू पाळलंस आणि मला रस्त्यावर एकटीला सोडलंस. खोटं बोलला असतास, तर मी तुला दोन थोबाडीत देऊन परत पोटाशी धरलं असतं.

मी सुटून निपाणीत राहायला आले होते, तेव्हा पंचेचाळीस साली तू रजेवर इथं आलास. आठवतं? खाकी कपडे, बाहीवर मुठीतून विजा निघाल्याचं चिन्ह, आसामच्या पावसानं काळवंडलेला चेहरा. मी तुला पाट दिला, वाढलं, तुझं जेवण होऊ दिलं. मग विचारलं, त्या दिवशी का आला नाहीस? तू ताटात बोट फिरवत म्हणालास, "आक्का, तू तार कापायची म्हणालीस तवाच माझ्या हातातलं बळ गेलं. त्या तारेवरनं लष्कराचा हुकूम जातोय, मान्य. पण कुणाची आई मेली त्याची तारबी त्याच्यावरनंच जाते. एका बाईला मी सोताच्या हातानं तार घेऊन दिलती, तिचा लेक सुखरूप पोचला म्हणून. ती माझ्या पाया पडली. ती तार मी कशी कापू?" मी म्हणाले, मग तसं सांगायचं होतंस! तू वर बघितलंस. "तुला? तुझ्याम्होरं बोलायला जागा कुठं असती, आक्का? तू बोलत असतीस. आम्ही ऐकत असतोय." हे बोलून तू हात धुवायला उठलास.

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. इतका, की कधी सभेत बोलता बोलता मध्येच ते आठवतं आणि पुढचं वाक्य हरवतं. पण मष्णू, मला ते पटत नाही. लाहोरकडच्या छावणीत गोऱ्या सार्जंटनं तुझ्या हातात बंदूक कोंबली तेव्हा तू नाही म्हणालास. त्यानं वाळूची पिशवी पाठीवर देऊन पळवलं, संडास धुवायला लावले, बढती अडवली, तरी नाही म्हणालास. शेवटी बिनतारीवर बसायला माणसं कमी म्हणून त्यांनीच तुझा नाद सोडला. परक्या मुलखात, परक्या भाषेत, ज्याच्या हातात तुझी भाकरी त्याच्या तोंडावर नाही म्हणणारा तू, आणि तुला वाढवलेल्या बहिणीला तेवढं एक नाही म्हणता आलं नाही? तार कापणं पाप आहे असं तुला वाटत होतं तर ते मला सांगून, माझ्या शिव्या खाऊन, घरी बसायचं होतं. मी दुसरा दिवस काढला असता, दुसरा माणूस शोधला असता, निदान दोर तरी मागून घेतला असता. तुझ्या मताबद्दल माझी तक्रार नाही. तुझं मत कदाचित माझ्या मतापेक्षा चांगलं असेल, आता त्यावर भांडायला वेळ आहे. तू ते भावकूच्या जिवावर गुपचूप पाळलंस, ही माझी तक्रार आहे.

आता भंडाऱ्याचं. तू मामाकरवी माझी एकटीची परवानगी मागितलीस. रीत विसरलास का, की आठवूनही बाजूला ठेवलीस? एकत्र उचललेला भंडारा एकट्यानं खाली ठेवता येत नाही. तिघांनी उचलला, तिघांच्या हातानं ठाण्यावर जायला हवा. त्यातला एक गेला असेल तर त्याच्या जागी त्याची आई. म्हणून मी शनिवारी काकतीला गेले, मनुबाईकडे. भावकूची आई आता थकली आहे, पण रोपलावणीत अजून कुणाला हार जात नाही. गुडघाभर चिखलात उभी होती. मला बघून बांधावर आली, हात पदराला पुसले आणि निरोप ऐकल्यावर लहान पोरीसारखी हसली. "ठेवू की गं! आत्ता चल म्हणालीस तर आत्ता येते. माझा भावकू असता तर त्यानंबी ठेवला असता. आपला झेंडा, आपला पोरगा! मष्णूला सांग, एक सलामी भावकूच्या वाटची दे म्हणावं." मग तिनं माझा हात धरला आणि आवाज बारीक केला. "तुला म्हणून सांगते, राजाक्का. मी रोज देवीला म्हणते, बरं झालं त्या दिवशी मष्णूची ऑफिसात पाळी हुती. त्यो संगं असता तर त्योबी पडला असता. घरचं एक तरी पोरगं ऱ्हायलं." तिला तुझ्याबद्दल एवढंच माहीत आहे, मष्णू. की तू त्या दिवशी येणारच नव्हतास. की खांबावर चढायचं काम पहिल्यापासून तिच्याच लेकाचं होतं.

आणि मी तिला खरं सांगितलं नाही. तू म्हणशील, का? मीच सांगून टाकायचं की. सांगितलं असतं. पाच वर्षं ते माझ्या घशात आहे. पण तुझं नाव तिसऱ्याला सांगणार नाही म्हणून मीही मूठ धरली होती, आणि माझ्या मुठीतला भंडारा मी मोजूनमापून धरलेला नाही. फौजदारापुढे जे बोलले नाही ते मनुबाईपुढेही बोलले नाही. ठाण्याकडे वळलेले तिचे पाय मी थांबवले. ती म्हणाली, "का गं? आज वार वाईट हाय?" मी म्हणाले, मष्णू येऊ दे, तिघं मिळून ठेवू. तिला ते फार आवडलं. तू आलास की तुझ्यासाठी तांदळाची भाकरी करणार आहे.

तेव्हा आता नीट ऐक, हे पत्र मी कशासाठी लिहिते आहे ते. ज्या भंडाऱ्यानं तुझा हात बंदुकीपासून अडवला आहे त्यानंच माझी जीभ बांधली आहे. तुझा हात मोकळा झाला की त्याच क्षणी माझी जीभही मोकळी होते, आणि ती कशी चालते ते तुला माहीत आहे. मामाला निरोप देताना हे तुझ्या ध्यानात आलं नसावं. मी धमकी देत नाही, जे आहे ते सांगते. मनुबाईसमोर खोट्याचा भंडारा मी ठेवू देणार नाही, आणि तो ठेवल्यावर गप्प राहीन असं वचन आता कुणालाच देणार नाही. मात्र तिला ते माझ्याकडून कळू नये असं मला वाटतं. मी सांगितलं तर ते भाषण होईल. माझ्या प्रत्येक वाक्यात राग असेल, आणि तुझ्याबद्दल तिला काय वाटावं ते मीच ठरवून टाकीन. तू सांग. दोन दिवसांची रजा काढ, पुण्याहून गाडीत बस आणि चौदाच्या आत काकतीला ये. आधी तिच्या बांधावर जा, मग ठाण्यावर. खांबावर चढायचं तुझं होतं, ताण कसा धरायचा ते तुला येत होतं, दोर तुझ्याजवळ होता, आणि त्या दुपारी तू कुठं होतास, हे सगळं तिच्या तोंडाकडे बघून सांग. तारेवर नको, पत्रात नको, मामाकरवी तर नकोच. त्यानंतर तिनं हात पुढं केला, तर माझा हात तिच्या हाताखाली असेल, आणि तू खुशाल बंदूक धर, दोन सलाम्या दे. तिनं हात मागं घेतला, तर पंधरा तारखेला रांगेबाहेर रिकाम्या हातानं उभा राहा आणि झेंड्याकडे बघ. मी तिच्याकडे रोपलावणीला जाऊन राहते आहे. तू येशील ती वाट तिच्या शेतावरूनच जाते.

तुझीच,
राजाक्का